वजनाची सुई बदलताना: अडलेल्या काट्यापासून नव्या डोसपर्यंत

"ताई, आते ही सुई काही लागू पडत नही." अमळनेर तालुक्यातल्या एका मावशींनी पिशवीतून रिकामं पेन काढून माझ्या टेबलावर ठेवलं. चौदा महिन्यांपूर्वी त्यांचं वजन ९२ किलो होतं, त्या दिवशी ७९ भरलं. गेले तीन महिने मात्र काटा जागचा हलला नव्हता. कुणाचं तरी ऐकून त्या दुसरी, जास्त "भारी" सुई लिहून घ्यायला आल्या होत्या.

मी जळगावात एका दवाखान्यात मधुमेह आणि वजनाच्या रुग्णांचं समुपदेशन करते. औषध डॉक्टर लिहितात. पेन कसं धरायचं, सुई कुठे टोचायची, मळमळलं तर काय खायचं, हे माझ्याकडे येतं. "औषधाची सवय झाली, बदलून द्या" ही मागणी आता सारखी येते. काहींना खरंच औषध बदलावं लागतं आणि त्याचा चांगला फायदाही होतो. पण बऱ्याच जणांच्या बाबतीत खोट औषधात नसते, भलतीकडेच असते. म्हणून बदल कसा करायचा हे सांगायच्या आधी "खरंच सवय झाली आहे का" या प्रश्नावर मी बराच वेळ थांबणार आहे. पैसा आणि त्रास दोन्ही तिथेच वाचतात.

कोणती सुई कोणती

लिराग्लुटाइड ही रोज टोचायची, यातली जुनी सुई. सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा घ्यायचं. वजनासाठी ते वेगोव्ही या नावाने मिळतं, मधुमेहासाठी ओझेम्पिक या नावाने, आणि त्याचीच मधुमेहाची गोळी म्हणजे रायबेल्सस. टिर्झेपॅटाइडही आठवड्यातून एकदाच. ते मौंजारो या नावाने मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, वेगोव्ही त्यानंतर जूनमध्ये. सेमाग्लुटाइडच्या इथल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ ची, त्यामुळे देशी कंपन्यांच्या वेगवेगळ्या नावांच्या सुयांचा मार्ग मोकळा झाला.

इथेच पहिला घोळ होतो. एका कंपनीचं सेमाग्लुटाइड सोडून दुसऱ्या कंपनीचं सेमाग्लुटाइड घेतलं तर औषध बदललं असं होत नाही, फक्त डबा बदलतो. डोस तोच, वारही तोच. बघायचं ते एवढंच की पेनमध्ये किंवा बाटलीत एका मिलिलिटरला किती मिलिग्रॅम औषध आहे, कारण ते कंपनीगणिक वेगळं असू शकतं.

सेमाग्लुटाइड आणि लिराग्लुटाइड शरीरातल्या जीएलपी-१ या एकाच संप्रेरकाची नक्कल करतात. टिर्झेपॅटाइड त्याच्या जोडीला जीआयपी नावाच्या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं. सेमाग्लुटाइडवर अडलेल्या माणसाला टिर्झेपॅटाइडचा उपयोग होऊ शकतो, तो या फरकामुळे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरमाउंट-५ या चाचणीत दोन्ही औषधं समोरासमोर ठेवली होती. ७२ आठवड्यांत टिर्झेपॅटाइडवर सरासरी २०.२ टक्के वजन उतरलं, सेमाग्लुटाइडवर १३.७ टक्के. फरक मोठा आहे. पण ही सरासरी आहे. सेमाग्लुटाइडवर २० टक्के उतरलेली माणसंही मी पाहिली आहेत आणि टिर्झेपॅटाइडवर जेमतेम ६ टक्क्यांवर अडलेलीही.

सवय होते, पण कशाची?

सुरुवातीचे दोन-तीन महिने मळमळ, ढेकर, दोन घासांत पोट भरणं, असं सगळं असतं. मग ते कमी होत जातं. जठर उशिरा रिकामं होण्याचा जो परिणाम असतो, तो कालांतराने सौम्य होतो. शरीराला सवय होते ती या गोष्टीची. लोक मात्र मळमळ थांबली म्हणजे औषध थांबलं असं धरून चालतात. मावशींचंही तेच होतं. "पहिले घास उतरत नव्हता, आता भाकरी जाते" ही त्यांची तक्रार होती.

भूक आवरण्याचं मेंदूतलं काम मात्र सुरू असतं. स्टेप-५ या चाचणीत लोकांनी १०४ आठवडे सेमाग्लुटाइड घेतलं आणि दोन वर्षांच्या शेवटी सरासरी १५.२ टक्के वजन कमी झालेलंच होतं. औषध निकामी झालं असतं तर दुसऱ्या वर्षी वजन परत चढलं असतं. स्टेप-४ मध्ये उलट करून पाहिलं होतं: २० आठवड्यांनंतर एका गटाचं औषध काढून घेतलं, तर पुढच्या ४८ आठवड्यांत त्या गटाचं वजन सुमारे ७ टक्के वाढलं, आणि सुई सुरू ठेवलेल्यांचं आणखी सुमारे ८ टक्के उतरलं.

मग काटा का अडतो? एक किलो वजन उतरलं की शरीर दिवसाला साधारण २० ते ३० कॅलरी कमी खर्च करतं, आणि भूक मात्र दिवसाला जवळपास १०० कॅलरींनी वाढते. १३ किलो उतरलेल्या मावशींच्या शरीरात ही ओढ तेरापट झाली होती. औषध एका बाजूने ओढतंय, शरीर दुसऱ्या बाजूने. दोन्हींचा जोर सारखा झाला की काटा उभा राहतो. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचण्यांत हा टप्पा साधारण ६० व्या आठवड्याच्या आसपास आला. मावशी नेमक्या तिथेच होत्या, १४ टक्क्यांवर. औषधाने आपलं काम चोख केलं होतं, आणि ते केलेलं काम टिकवून धरलं होतं.

म्हणून अडलेला काटा आणि चढता काटा यांत फरक करा. रोजच्या वजनावर जाऊ नका. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, एकाच काट्यावर वजन घ्या आणि आठवड्याची सरासरी वहीत लिहा. चार आठवड्यांच्या सरासऱ्या एका जागी असतील तर तो थांबा आहे. त्या सलग वर जात असतील तर काहीतरी सुटलं आहे, आणि ते शोधायला हवं.

सुटलेलं शोधण्याची जागा: फ्रीज, डिक्की आणि चहा

आपल्या खान्देशात हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. न उघडलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. वापरात असलेलं काही आठवडे बाहेर चालतं, पण ३० अंशांच्या आतच. किती दिवस, ते प्रत्येक औषधाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं आणि ते वेगवेगळं असतं. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. घरात पंख्याखालीही तो ३० च्या खाली येत नाही. म्हणजे थंड हवेच्या गावात कपाटात चालणारं पेन आपल्याकडे मार्च ते जून फ्रीजमध्येच हवं, वापरात असलं तरी.

यावल तालुक्यातला एक केळीवाला शेतकरी दादा मे महिन्याच्या शेवटी आला. पाच आठवडे भूक परत आली होती, वजन तीन किलोने वाढलं होतं. पेन दाखवा म्हटलं तर ते बाहेर मोटारसायकलच्या डिक्कीत होतं. आणायला गेला आणि हातात धरवेना म्हणून उपरण्यात गुंडाळून घेऊन आला. आतलं औषध पाण्यासारखं नितळ होतं. हे नीट लक्षात घ्या: औषध गढूळ झालं किंवा त्यात कण दिसले तर ते फेकायचंच, पण नितळ दिसतं म्हणजे ते चांगलंच आहे असं नाही. डॉक्टरांनी औषध बदललं नाही. त्याच डोसचं नवं पेन दिलं, ते थंड पिशवीतून घरी गेलं, आणि तिसऱ्या आठवड्यात दादाचा फोन आला की ताटात भाकरी उरायला लागली.

उलटी चूकही होते. लोडशेडिंगच्या भीतीने पेन बर्फाच्या कप्प्यात ठेवतात. एकदा गोठलेलं औषध वितळल्यावर वापरू नका. फ्रीजच्या मधल्या फळीवर, मागच्या थंड भिंतीला न चिकटवता, डब्यात ठेवा. प्रवासात थर्मासमध्ये थंड जेलची पिशवी ठेवायची, पण पेन आणि पिशवी यांच्यात टॉवेलची घडी हवी. सुई मुंबई-पुण्याहून पार्सलने मागवत असाल तर डबा हातात घेतल्यावर आधी आतली जेलपिशवी थंड आहे का ते पाहा. ती कोमट असेल तर डबा घेऊ नका. बिलावर बॅच नंबर हवा. व्यायामशाळेतल्या ओळखीवर किंवा मोबाइलवरच्या ग्रुपमधून चिठ्ठीशिवाय येणारी सुई कितीही स्वस्त असली तरी टोचू नका.

आता टोचण्याची पद्धत. नवं पेन पहिल्यांदा वापरताना सुईच्या टोकाला थेंब येतो का हे पाहायचं असतं. काही पेनांत ते प्रत्येक वेळी करायचं असतं. बटण पूर्ण दाबून आकडा शून्यावर आल्यावर सावकाश सहापर्यंत मोजा, मगच सुई बाहेर काढा. घाईत काढली की पोटावर थेंब ओघळतो. तो थेंब म्हणजे तुमचा डोस. रोज-आठवड्याला एकाच जागी टोचून तिथे गाठ झाली असेल तर तिथून औषध नीट शोषलं जात नाही. पोट, मांडी, दंड अशी जागा बदलत राहा आणि बेंबीपासून दोन इंच लांब राहा.

बाटलीतून सिरिंजने औषध घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट मी दरवेळी हातात दोन सिरिंज धरून दाखवते. मेडिकलमध्ये लाल टोपणाची आणि केशरी टोपणाची अशा दोन इन्सुलिन सिरिंज मिळतात. लाल टोपणाची ४० युनिटची, केशरी १०० युनिटची. मौंजारोच्या एका बाटलीतला पूर्ण डोस अर्धा मिलिलिटर असतो. केशरी सिरिंजवर तो ५० च्या रेघेवर येतो, लाल सिरिंजवर २० च्या. केशरी सिरिंज घेऊन "२० पर्यंत भर" हे कुणाचं तरी ऐकलेलं पाळलं, तर निम्म्याहून कमी औषध पोटात जातं. असा माणूस तीन महिने "सवय झाली" म्हणत फिरत असतो.

रायबेल्सस गोळी घेणाऱ्यांचं वेगळंच. ती सकाळी उपाशीपोटी, जास्तीत जास्त अर्धा ग्लास म्हणजे १२० मिलिलिटर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर किमान अर्धा तास काहीच नाही, दुसरी गोळीसुद्धा नाही. आपल्याकडे उठल्या उठल्या चहा हवा. गोळी आणि चहा पाठोपाठ गेले की गोळी जवळजवळ वाया जाते. आधी महिनाभर गोळी नीट घेऊन पाहा.

आणि एक गोष्ट लोक लाजून सांगत नाहीत. औषध महाग आहे, म्हणून आठवड्याची सुई दहा-बारा दिवसांनी घेतात, महिन्याचं पेन दीड महिना पुरवतात. यात लाजण्यासारखं काही नाही, पण डॉक्टरांना सांगा. ते माहीत नसेल तर डॉक्टर डोस वाढवतील किंवा औषध बदलतील, आणि दोन्हींमुळे खर्चही वाढेल, त्रासही.

पेन, डोस, जागा सगळं बरोबर असेल तर थायरॉइडची टीएसएच तपासणी करून घ्या आणि बाकीच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवा. स्टेरॉइड, ग्लिमेपिराइड, पायोग्लिटाझोन, इन्सुलिन, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट, मानसिक आजारावरचं ओलान्झापिन, ही औषधं वजन वाढवू शकतात. सांधेदुखीवर गावातून आणलेल्या बिननावाच्या पुड्याही यादीत लिहा, त्यात कित्येकदा स्टेरॉइड असतं. यातली कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका.

मग औषध बदलायचं कधी?

सेमाग्लुटाइड किंवा लिराग्लुटाइडचा सोसेल तेवढा पूर्ण डोस नीट, न चुकवता तीन-चार महिने घेतला आणि तरी सुरुवातीच्या वजनाच्या ५ टक्केही उतरलं नाही, तर औषध बदलण्याचा विचार योग्य आहे. ९० किलोच्या माणसासाठी हे साडेचार किलो होतात. दुसरं कारण म्हणजे वजन चांगलं उतरून थांबलं आहे, पण साखर, रक्तदाब, गुडघे किंवा झोपेतलं घोरणं पाहता आणखी उतरायला हवं. तिसरं, मळमळ-उलटी इतकी की डोस वाढवताच येत नाही. चौथं, खर्च.

आधी विचारायचा प्रश्न असा: डोस वाढवायला जागा आहे का? वेगोव्हीच्या पायऱ्या ०.२५, ०.५, १, १.७ आणि २.४ मिलिग्रॅम अशा आहेत. मौंजारोच्या २.५, ५, ७.५, १०, १२.५ आणि १५. सेमाग्लुटाइडच्या १ मिलिग्रॅमवर अडलेल्या माणसाने लगेच औषध बदलणं म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढत नाही म्हणून गाडी विकणं.

हृदयाचा झटका येऊन गेलेला असेल तर घाई आणखी कमी करा. २०२३ च्या सिलेक्ट चाचणीत हृदयविकार असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या जाड व्यक्तींमध्ये सेमाग्लुटाइड २.४ मिलिग्रॅममुळे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयामुळे होणारे मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटलं. अशा माणसाचा काटा अडला असला तरी सुई हृदयासाठी काम करत असते. हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच घ्यावा.

बदलण्याआधी डॉक्टरांना काय सांगायचं

स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल, तर ही औषधं घेत नाहीत. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल, पित्ताचे खडे असतील, तर ते आधी सांगा. जुना मधुमेह असेल तर डोळ्यांची बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी करून घ्या, कारण साखर झपाट्याने उतरली की पडद्याचा जुना त्रास काही काळ वाढू शकतो.

मधुमेहाच्या गोळ्या नीट वाचा. नव्या सुईबरोबर ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन सुरू असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते, त्यामुळे त्यांचा डोस बहुधा कमी करावा लागतो. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या गोळ्यांचा या सुयांसोबत वेगळा उपयोग होत नाही. डॉक्टर त्या बहुतेक बंद करतात, आणि महिन्याचे तेवढे पैसे वाचतात.

बायकांसाठी: टिर्झेपॅटाइड सुरू केल्यावर चार आठवडे, आणि पुढे प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे, गर्भनिरोधक गोळीवर एकटीवर विसंबू नका, निरोधचा वापर करा. बाळ हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी आणि टिर्झेपॅटाइड किमान एक महिना आधी थांबवावं लागतं. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि न ठरवता दिवस राहतात, पीसीओएस (पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा विकार) असलेल्या मुलींच्या बाबतीत हे विशेष घडतं. नवऱ्यासमोर बोलायला संकोच वाटत असेल तर एकट्या या, पण विचारा.

प्रत्यक्ष बदल

समजा तुमचा वार रविवार आहे आणि सेमाग्लुटाइडवरून टिर्झेपॅटाइडवर जायचं आहे. या रविवारी सेमाग्लुटाइडची शेवटची सुई. पुढच्या रविवारी तिच्या जागी टिर्झेपॅटाइडची पहिली. मध्ये रिकामा महिना सोडायची गरज नाही आणि दोन्ही एकत्र तर कधीच घ्यायची नाहीत. सेमाग्लुटाइडची अर्धी मात्रा शरीरातून जायला साधारण एक आठवडा लागतो, पूर्ण निचरा व्हायला पाचेक आठवडे. म्हणजे नवी सुई टोचता त्या दिवशी जुनी निम्मी अंगात असतेच. म्हणूनच नवी सुई लहान डोसने सुरू करायची.

तो लहान डोस म्हणजे २.५ मिलिग्रॅम, चार आठवडे. मग ५. पुढची प्रत्येक पायरी किमान चार आठवड्यांची. सेमाग्लुटाइडचा मोठा डोस काहीही त्रास न होता पचलेला असेल तर काही डॉक्टर थेट ५ पासून सुरू करतात. तो त्यांचा निर्णय. "मी तर २.४ वर होतो, मग मला मोठीच द्या" असा हिशेब करू नका. दोन्ही औषधांचे मिलिग्रॅम एकमेकांशी जुळत नाहीत, जसे शेराचे आणि लिटरचे आकडे जुळत नाहीत.

उलट दिशेने, टिर्झेपॅटाइडवरून सेमाग्लुटाइडवर येणारे लोक बहुधा खर्चामुळे येतात. मौंजारो आलं तेव्हा २.५ मिलिग्रॅमची एक बाटली ३,५०० रुपयांना आणि ५ ची ४,३७५ रुपयांना होती, आणि महिन्याला अशा चार लागतात. देशी सेमाग्लुटाइडवर यायचं असेल तरी पद्धत तीच: पुढच्या ठरलेल्या वारी, लहान डोसने. काही वजन परत येऊ शकतं, ते आधीच धरून चाला. थोडं वजन परत आलं तरी वर्षानुवर्षं परवडेल असं औषध घेणं हे महाग औषध चार महिन्यांत सोडून देण्यापेक्षा कितीतरी बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

रोजच्या लिराग्लुटाइडवरून आठवड्याच्या सुईवर जायचं असेल तर शेवटच्या सुईच्या दुसऱ्याच दिवशी नवी सुरू करता येते. रायबेल्ससवरून सुईवर जातानाही तसंच.

बदलाच्या गडबडीत खंड पडतो, मेडिकलवाला "उद्या येईल" म्हणतो आणि तीन आठवडे जातात. आठवड्याच्या तीन किंवा जास्त सुया चुकल्या असतील तर जुन्या डोसवर परत उडी मारू नका, डॉक्टरांना विचारून खालून सुरू करा. एकच चुकली असेल तर टिर्झेपॅटाइड चार दिवसांच्या आत आणि सेमाग्लुटाइड पाच दिवसांच्या आत घेता येतं. त्याहून उशीर झाला असेल तर ती सुई सोडा आणि पुढची ठरल्या वारी घ्या.

पहिले आठ आठवडे

पहिल्या महिन्यात भूक थोडी परत येईल. २.५ मिलिग्रॅम हा शरीराला ओळख करून द्यायचा डोस आहे, वजन उतरवायचा नाही. किलो-दोन किलो वाढलं म्हणून "ही पण लागू पडेना" असं ठरवू नका. मी रुग्णांना वहीत आधीच लिहून देते: "चार आठवडे काट्याकडे बघून निर्णय घ्यायचा नाही."

दिवस निवडताना पंचांग बघा म्हणते मी. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी खापरावरची पुरणपोळी आणि आमरसाची वाटी समोर येणारच, आणि बाहेर ४४ अंश. त्या आठवड्यात डोस वाढवला की उलट्या आणि उष्माघात एकत्र. लग्नसराईतली वरण-बट्टी, तुपाची धार, हेही तसंच. जमलं तर बदल पावसाळ्यात किंवा थंडीत करा. उन्हाळ्यात करावाच लागला तर तहान लागायची वाट न बघता दिवसभर घोट-घोट पाणी, ताक, लिंबूपाणी प्या. या औषधांनी तहानही मंदावल्यासारखी वाटते, आणि पाणी कमी पडलं की मूत्रपिंडांवर ताण येतो.

तिखट-तेलकट पदार्थांनी मळमळ वाढते. शेवभाजीची तर्री, भरताला वरून सोडलेलं तेल, हे पहिले काही आठवडे बाजूला ठेवा. भरीत खा, तेल निम्मं करा. पण फक्त फळं-ताकावर राहू नका. या औषधांवर उतरणाऱ्या वजनात चौथा हिस्सा ते ४० टक्क्यांपर्यंत स्नायूंसारखा चरबी नसलेला भाग असू शकतो. औषध बदलताना खाणं दोनदा आटतं आणि स्नायू दोनदा झिजतात.

मावशींना दिवसाला ७० ते ८० ग्रॅम प्रथिनं हवी होती, म्हणजे वजनाच्या किलोमागे साधारण एक ग्रॅम. त्यांच्या घरात जे शिजतं त्यातून आम्ही मांडलं: दोन अंडी, १२ ग्रॅम. शंभर ग्रॅम पनीर, १८. दोन वाट्या घट्ट उडदाची किंवा तुरीची डाळ, १४. दोन कळण्याच्या भाकरी, ११-१२, कळण्यात उडीद असतो त्याचा हा फायदा. दोन वाट्या दही, ७. मूठभर शेंगदाणे, ७-८. सत्तर होतात. मटण-कोंबडी खाणाऱ्यांना याहून सोपं जातं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे आकडे डॉक्टरांना विचारून ठरवा. सोबत खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं, जिना, पाण्याने अर्धी भरलेली कळशी उचलणं, असं काहीतरी आठवड्यातून तीनदा करा. चालणं चांगलंच, पण त्याने एकट्याने स्नायू राखले जात नाहीत.

बद्धकोष्ठाचा त्रास बऱ्याच जणांना होतो. इसबगोल, पाणी, दुधी-गिलक्याची भाजी, आणि तीन दिवस झालेच नाही तर डॉक्टरांना फोन करा.

पुढच्या गोष्टींसाठी मात्र फोनवर वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा: पोटात वरच्या बाजूला जोराची, पाठीपर्यंत जाणारी, न थांबणारी कळ. दिवसभर पाणीही न टिकणारी उलटी. डोळे पिवळे होणं. लघवी खूप कमी होणं. एका डोळ्याने अचानक दिसेनासं होणं. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं, ही साखर उतरल्याची खूण आहे, तेव्हा आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि मग निघा. एखादं ऑपरेशन ठरलं असेल, अगदी दातांचं असलं तरी भूल द्यायची असेल, तर भूलतज्ज्ञांना सुईचं नाव आणि शेवटची तारीख सांगा, कारण उपाशी असूनही पोटात अन्न राहिलेलं असू शकतं.

मावशींचं शेवटी औषध बदललं नाही. त्या १.७ मिलिग्रॅमवर होत्या, म्हणजे वर एक पायरी शिल्लक होती. डॉक्टरांनी २.४ केलं, डाळीची वाटी दोन झाली, आणि चार महिन्यांत आणखी तीन किलो उतरले. आता ७६. त्यांना ७० हवे आहेत. तीन महिन्यांनी पुन्हा बसायचं ठरलं आहे, तेव्हा टिर्झेपॅटाइडचा विषय काढू असं डॉक्टर म्हणाले.

औषध बदललं की जुनी उरलेली पेनं घरात राहतात. ती फ्रीजमध्ये नव्या पेनाशेजारी ठेवू नका. रविवारी सकाळी घाईत, चष्मा न लावता, भलतंच पेन हातात आलेलं आहे. नणंदेला, शेजारणीला "वाया जाऊ नये" म्हणून देऊ नका, तिचा थायरॉइड, तिची साखर, तिचं गरोदरपण तुम्हाला माहीत नसतं. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत टाका, झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि ती बरणी कचऱ्याच्या गाडीत न टाकता पुढच्या भेटीला दवाखान्यात घेऊन या. उरलेली पेनंही त्याच पिशवीत आणा.